भावनांकाचे माप कोणाच्या हाती?

'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत स्थिरावली आहे. मानसशास्त्रज्ञांमध्ये मात्र तिच्या व्याख्येवरून आणि मोजमापावरून अद्याप एकमत नाही. या वादाचा हा परामर्श.

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर भीमेच्या काठी वसलेले कोरेगाव भीमा हे शिरूर तालुक्यातील गाव. पुढे सणसवाडी, शिक्रापूर ते रांजणगाव असा कारखान्यांचा पट्टा. नदीपलीकडे पेरणे येथील जयस्तंभ. जवळच वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांचे समाधिस्थळ. इतिहास, श्रद्धा, अस्मिता आणि रोजगार या साऱ्यांची इतक्या थोड्या अंतरात सरमिसळ झालेली ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत. अशा ठिकाणी नेमणूक झालेल्या तहसीलदाराला किंवा पोलीस निरीक्षकाला लोकांच्या भावनांची जाण असावी, अशी अपेक्षा कोणीही करील. गेल्या दशकभरात या अपेक्षेला शास्त्रीय नाव मिळाले आहे आणि तिच्यावर परीक्षेत गुणही ठेवले गेले आहेत.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०१३ मध्ये बदलले. या बदलांच्या शिफारशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू प्रा. अरुण निगवेकर. नव्या रचनेत 'नीतिशास्त्र, सचोटी आणि अभियोग्यता' हा २५० गुणांचा पेपर आला आणि त्याच्या अभ्यासक्रमात भावनिक बुद्धिमत्ता व तिचा प्रशासनातील उपयोग या घटकाचा समावेश झाला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेसाठी याच धर्तीची वर्णनात्मक परीक्षा स्वीकारली. पुण्यात विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनानंतर तिची अंमलबजावणी २०२५ पर्यंत लांबली. शिरूर, दौंड आणि त्याही पलीकडच्या गावांतून येऊन पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसणाऱ्या तरुणांसाठी भावनिक बुद्धिमत्ता हा आता गुणवत्ता यादीवर परिणाम करणारा विषय झाला आहे. म्हणूनच ही संकल्पना कितपत भक्कम पायावर उभी आहे, हा प्रश्न केवळ विद्वत्चर्चेपुरता उरत नाही.

संकल्पना कोठून आली?

बुद्धीला आकड्यात मोजण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्समधील बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेले रूपांतर १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. कै. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. तेथील मानसशास्त्र विभागाने अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या सिद्धांताच्या आधारे चाचण्या तयार केल्या. गिलफर्ड यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या आराखड्यात बुद्धीच्या १२० क्षमता होत्या आणि त्यांपैकी ३० क्षमता इतरांचे वर्तन, हेतू व भावना ओळखण्याशी संबंधित होत्या. म्हणजे माणसे ओळखणे हाही बुद्धीचाच भाग आहे, हा विचार पुण्याच्या अभ्यासकांना भावनांकाची लाट येण्यापूर्वीपासून परिचित होता.

त्याही आधी, १९२० मध्ये, थॉर्नडाइक यांनी 'सामाजिक बुद्धिमत्ते'ची कल्पना मांडली होती. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडताना स्वतःला आणि इतरांना समजून घेण्याच्या दोन स्वतंत्र बुद्धिमत्ता मानल्या. भावनिक बुद्धिमत्तेची काटेकोर व्याख्या मात्र पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये केली. त्यांनी पुढे विकसित केलेल्या मांडणीनुसार या क्षमतेचे चार भाग पडतात. स्वतःच्या व इतरांच्या भावना अचूक ओळखणे हा पहिला. विचार करताना भावनांची मदत घेणे हा दुसरा. भावना कशा निर्माण होतात आणि कशा पालटतात हे समजणे हा तिसरा. त्या योग्य रीतीने हाताळणे हा चौथा.

ही व्याख्या मर्यादित होती. तिला जगभर प्रसिद्धी मिळाली ती डॅनियल गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे. भावनिक बुद्धिमत्ता बुद्ध्यांकाहून अधिक महत्त्वाची ठरू शकते, असे त्याच्या उपशीर्षकातच सुचवले होते. त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाने या विषयावर मुखपृष्ठकथा केली आणि बुद्ध्यांकाच्या जोडीला भावनांक हा शब्द रूढ झाला. गोलमन यांच्या यादीत आत्मभान आणि संयम यांच्याबरोबर प्रेरणा, सहानुभाव व सामाजिक कौशल्येही आली. पुढे इतरांनी त्यात आशावाद, लवचीकता, ताण सहन करण्याची ताकद अशी भर घातली. व्याख्या विस्तारत गेली आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप व्याख्येचा. एडविन लॉक यांनी २००५ मध्ये ही संकल्पनाच अवैध असल्याचे प्रतिपादन केले. बुद्धी म्हणजे अमूर्त गोष्टी समजून घेण्याची क्षमता. ती भावनांच्या संदर्भात वापरली म्हणून वेगळ्या जातीची बुद्धी निर्माण होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. गणितात बुद्धी वापरली तर आपण तिला 'गणित येणे' म्हणतो, तसेच हेही एक कौशल्य. शिवाय ज्या शब्दात संयमापासून आशावादापर्यंत सारे सद्गुण सामावतात, तो नेमके काहीच सांगत नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. हान्स आयसेंक यांनीही जवळपास कोणत्याही वर्तनाला 'बुद्धिमत्ता' म्हणण्याच्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली होती.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. भावनांक मोजण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत व्यक्तीला स्वतःविषयीच विचारले जाते : 'तुम्ही रागावर ताबा ठेवू शकता का?' नोकरीच्या मुलाखतीला आलेला उमेदवार याचे उत्तर काय देणार, हे सांगायला नको. ज्याला आपल्या रागाची जाणीवच नाही, तो तर प्रामाणिकपणे 'होय' म्हणेल. पेट्राइड्स आणि फर्नहॅम यांनी २००१ मध्ये सुचवल्याप्रमाणे अशा प्रश्नावल्या क्षमता मोजत नाहीत, त्या स्वभाववैशिष्ट्ये टिपतात.

दुसरी पद्धत सोडवून दाखवण्याची. मेयर, सॅलोवी व कारुसो यांची २००२ मधील चाचणी या प्रकारची असून तीत १४१ प्रश्न आहेत. छायाचित्रातील चेहऱ्यावर कोणती भावना किती दिसते, अमुक प्रसंगी काय केल्यास मन शांत होईल, असे हे प्रश्न. पण 'बरोबर' उत्तर ठरवायचे कोणी? ते बहुसंख्य लोकांच्या कौलावरून किंवा भावनांच्या २१ अभ्यासकांच्या मतावरून ठरवले गेले. यातील अडचण उघड आहे. गणिताच्या चाचणीत बहुतेकांना न सुटणारे अवघड प्रश्न असतात आणि त्यांवरूनच असाधारण बुद्धी ओळखता येते. जेथे बहुमत म्हणजेच बरोबर उत्तर, तेथे इतरांना न दिसलेले ज्याला दिसले, त्याचे गुण कापले जातील.

यातच संस्कृतीचा प्रश्न गुंतलेला आहे. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवून बोलणारा तरुण आपल्या गावात मर्यादाशील ठरतो. एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मुलाखतीत त्याच्याकडे आत्मविश्वासाचा अभाव म्हणून बोट दाखवले जाऊ शकते. मराठीत या क्षमतेसाठी पूर्वापार शब्द आहेत. 'माणसाला पोच हवा', 'तारतम्य हवे' असे आपण म्हणतो. दुसऱ्याच्या मनातले ओळखणाऱ्याला मनकवडा म्हणतो. पण पोच म्हणजे त्या त्या ठिकाणचा, त्या त्या माणसांतला पोच. त्याला सर्वत्र लागू पडणारा एकच आकडा लावण्याचा प्रयत्न आपल्या भाषेने कधी केला नाही.

मग त्यात तथ्य नाही का?

असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. चाचणीतील क्षमता वयानुसार वाढते आणि इतर बौद्धिक क्षमतांशी तिचा मध्यम सहसंबंध असतो. म्हणून ती बुद्धिमत्तेच्या पारंपरिक निकषांना उतरते, असे उत्तर मेयर, कारुसो व सॅलोवी यांनी १९९९ मध्ये दिले होते. त्यानंतर जमा झालेल्या संशोधनातून मध्यममार्गी चित्र पुढे येते. भावनिक बुद्धिमत्ता आणि शैक्षणिक यश यांवरील संशोधनाचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती होती. दोहोंतील सहसंबंध सरासरी ०.२० इतका आढळला. याचा सोपा अर्थ असा, की विद्यार्थ्यांच्या यशातील तफावतीपैकी सुमारे ४ टक्के भागाशी भावनिक बुद्धिमत्तेचा संबंध जोडता येतो. हा परिणाम शून्य नाही. मात्र 'यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के आणि उरलेला ८० टक्के भावनांकाचा' हे शिकवणीवर्गांत व व्याख्यानांत ऐकू येणारे समीकरण त्याच्या जवळपासही जात नाही. गोलमन यांनी बुद्ध्यांकाच्या मर्यादित वाट्याविषयी लिहिले होते. उरलेल्या भागात घरची परिस्थिती, शिक्षण, संधी आणि नशीब हे सारे येते, याचा विसर पडून हे समीकरण तयार झाले.

जोसेफ आणि न्यूमन यांच्या २०१० मधील विश्लेषणाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. ज्या कामांत सतत लोकांशी संबंध येतो, तेथे भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी संबंध दिसतो. जेथे तशी गरज नसते, तेथे तो दिसत नाही, प्रसंगी उलटाही दिसतो. एसटीचा वाहक, सरकारी रुग्णालयातील परिचारिका, आशा सेविका, ठाणे अंमलदार यांना ही क्षमता रोज लागते. यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराला तीच फूटपट्टी लावण्याला संशोधनाचा आधार नाही.

या क्षमतेला नीतिमत्तेची हमी समजणेही चुकीचे आहे. भावना हाताळण्याचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, तो ते परोपकारासाठी वापरू शकतो, तसेच इतरांना नामोहरम करण्यासाठीही, असे २०११ मधील एका अभ्यासात दिसून आले. जमावाची नाडी अचूक ओळखणारा माणूस त्याला शांत करू शकतो आणि भडकवूही शकतो. नीतिशास्त्राच्या पेपरात हा घटक शिकताना ही बाब विसरता येणार नाही.

कोरेगाव भीमाचा धडा

संकल्पनेची उपयुक्तता आणि मर्यादा या दोन्ही तपासायच्या, तर कोरेगाव भीमा परिसराचाच अलीकडचा इतिहास पाहावा लागेल. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या जयस्तंभाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली. दरवर्षी या दिवशी लाखोंचा जनसमुदाय तेथे अभिवादनासाठी येतो. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढू बुद्रुक येथे समाधिस्थळाजवळील फलकावरून वाद निर्माण झाला. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला. त्यात एका तरुणाचा मृत्यू झाला, अनेक वाहने व दुकाने जळाली आणि ३ जानेवारीला राज्यभर बंद पाळण्यात आला. घटनेच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला.

मुख्य परीक्षेच्या नीतिशास्त्र पेपरात जवळपास निम्मे गुण अशाच प्रसंगांवरील प्रश्नांना असतात : अधिकारी म्हणून आपण काय कराल? दोन्ही बाजूंचे ऐकून घेऊ, सहानुभाव दाखवू, संयम राखू, असे उत्तर लिहिणे कठीण नाही. लोकांच्या मनातील खदखद वेळीच ओळखणारा अधिकारी ही खरोखरच मोठी गरज आहे. परंतु २०१९ आणि २०२० मधील १ जानेवारीचे अभिवादन शांततेत पार पडले, त्यामागे मोठा बंदोबस्त, वाहनतळांची व बसगाड्यांची आखणी, समाजमाध्यमांवरील अफवांवर लक्ष आणि आधीपासून चाललेल्या बैठका होत्या. एखाद्या अधिकाऱ्याच्या भावनांकावर विसंबून लाखो लोकांची सुरक्षितता ठरू शकत नाही. त्यासाठी यंत्रणा लागते, आणि ती चालवणाऱ्यांना माणसे कळावी लागतात.

याहून मूलभूत प्रश्न रागाचा आहे. 'भावनांवर ताबा ठेवा' हा उपदेश बहुधा वरून खाली जातो. साहेबाने कामगाराला, अधिकाऱ्याने मोर्चेकऱ्याला केलेला. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते, की पगारासाठी चेहऱ्यावर हसू ठेवणे हेही श्रमच असतात. अन्यायाविरुद्धचा राग हा भावनिक बुद्धिमत्तेचा अभाव मानला, तर बाबासाहेबांनी १९२७ मध्येच महाडच्या चवदार तळ्यावर केलेल्या सत्याग्रहाचा अर्थच लागणार नाही. तेथे राग दडपला गेला नव्हता; त्याला हक्काच्या मागणीचे रूप देण्यात आले होते. योग्य कारणासाठी, योग्य प्रमाणात रागावणे हे अवघड काम असल्याचे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे आणि गोलमन यांच्या पुस्तकाची सुरुवातही त्याच विचाराने होते. पुढे प्रशिक्षणवर्गांत मात्र त्यातला संयम तेवढा उरला.

तेव्हा अभ्यासकांच्या वादातून सामान्य वाचकाने, पालकाने आणि उमेदवाराने काय घ्यावे? भावना ओळखणे, समजून घेणे व हाताळणे या क्षमता खऱ्या आहेत आणि त्या शिकताही येतात. शाळांतील सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ अभ्यासांचा २०११ मध्ये घेतलेला आढावा असे सांगतो, की अशा उपक्रमांनंतर मुलांच्या वागणुकीत आणि अभ्यासातही सुधारणा दिसते. शिकवण्यासाठी ही संकल्पना उपयोगी आहे. माणसांची निवड किंवा गाळणी करण्यासाठी ती अद्याप पुरेशी विश्वसनीय नाही. परीक्षेतील उत्तरपत्रिका उमेदवाराला भावनिक बुद्धिमत्तेविषयी काय माहीत आहे, एवढेच तपासू शकते. ती त्याच्यापाशी आहे की नाही, याचा निकाल त्याच्या कचेरीच्या दारात अर्ज घेऊन ताटकळणारा माणूसच देईल.