सागाचे जहाज, नाशपातीची प्रतिकृती

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून 'एचएमएस ट्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यात उतरली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांनी इंग्लंडमधला जहाजबांधणीचा ओक सरत आला होता, म्हणून ब्रिटिश नौदलाने मलबारच्या सागावर आणि जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या कसबावर भिस्त ठेवली. याच वाडियांनी बांधलेल्या, १८१३ मध्ये पाण्यात गेलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर पुढे ब्रिटन आणि चीन यांच्यातला १८४२ चा नानकिंगचा तह झाला. ट्रिंकोमालीचे आराखडे इंग्लंडहून पाठवले, तर ते नेणारे 'जावा' जहाजच १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जिंकले; आराखडे पुन्हा पाठवावे लागले. इतक्या खटाटोपातून उभे राहिलेले हे जहाज आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलला आहे. पाण्यावर तरंगत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका. तिच्या मूळ सागाचा मोठा भाग अजून शाबूत आहे. सागात स्वतःचे तेल असते, आणि ओकमधले टॅनिक आम्ल जसे लोखंडी खिळे खाते तसे साग खात नाही. तिच्या दीर्घायुष्याचे मोठे श्रेय या दोन गुणांना आहे.

आता या जहाजाची लाकडी प्रतिकृती करायची, तर लाकूड कोणते घ्यावे? आपल्याकडचा कोणीही चटकन 'साग' म्हणेल. लहान जहाजे घडवणारा जाणता कारागीर मात्र साग बाजूला ठेवून नाशपातीचे किंवा बॉक्सवूडचे लाकूड उचलतो. त्याच्या या निवडीमागे कलेचा मूळ नियम आहे: जहाज लहान करता येते, लाकडाचा पोत लहान करता येत नाही.

छिद्रांचा हिशेब

जहाजांच्या प्रतिकृतींचे रूढ प्रमाण १:४८ आहे. इंग्रजी मापात पाव इंच म्हणजे एक फूट. या प्रमाणात ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला सुमारे ९५ सेंटिमीटर लांब होतो आणि जहाजाची रुंदी सुमारे २५ सेंटिमीटर. त्या मापात सागाची फळी लावून पाहा. सागाच्या वर्षवलयात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेल्या भागातली छिद्रे साधारण पाव मिलिमीटर व्यासाची असतात. ४८ ने गुणले की ती १२ मिलिमीटरची होतात. खऱ्या जहाजाच्या अंगावर बोट जाईल एवढी भोके पडलेली दिसली, तर त्यात कोण पाय ठेवील? चार मिलिमीटर रुंदीचे एक वर्षवलय याच हिशेबाने १९ सेंटिमीटरचा पट्टा होऊन बसते. लाकूड अस्सल, सुतारकाम निर्दोष, तरीही पाहणाऱ्याला ते जहाज न वाटता सागाचे खेळणे वाटते.

बॉक्सवूडची छिद्रे मिलिमीटरच्या काही शतांश भागाची. ४८ पट करूनही ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटरच्या घरात राहतात, म्हणजे डोळ्याला दिसतच नाहीत. नाशपातीचेही तसेच. म्हणून प्रतिकृतीसाठी लाकूड निवडताना पहिला प्रश्न त्याच्या नावाचा किंवा रंगाचा नसतो. छिद्रे किती बारीक, रेषा किती सरळ, आणि आडव्या रेषेवर पटाशी चालवली तर कड टिकते की भुगा होतो, हे आधी पाहायचे.

हे शहाणपण जुने आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये 'नेव्ही बोर्ड' प्रतिकृती म्हणून ओळखली जाणारी जहाजे घडली. ग्रिनिचचे राष्ट्रीय सागरी संग्रहालय आणि अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतला रॉजर्स संग्रह ही त्यांची मोठी घरे. खरी जहाजे ओकची असताना या प्रतिकृती मुख्यतः नाशपातीच्या आणि बॉक्सवूडच्या आहेत. खालच्या अंगाला फळ्या न ठोकता बरगड्या उघड्या ठेवलेल्या. या बरगड्यांची मांडणीही हुबेहूब नाही, ती शैलीबद्ध आहे. डौल कळावा म्हणून काय दाखवायचे आणि काय सोडायचे, हे त्या कारागिरांनी विचाराने ठरवले होते. तीनशे वर्षांनंतरही ती जहाजे पाहताना खोटेपणाचा लवलेश जाणवत नाही.

कुठे कोणते लाकूड

बरगड्या आणि कणा यांना नाशपाती उत्तम. युरोपात हे लाकूड वाफवतात, त्यामुळे त्याला एकसारखी गुलाबी-तपकिरी छटा येते. बाहेरच्या फळ्या, कठडे आणि कोरीवकाम यांना बॉक्सवूड. त्याचा फिकट पिवळा रंग वर्षागणिक मधासारखा गडद होत जातो. खरे बॉक्सवूड अतिशय सावकाश वाढते, मोठ्या आकारात मिळत नाही आणि महाग असते. म्हणून 'कॅस्टेलो बॉक्सवूड' नावाने दक्षिण अमेरिकेतले दुसऱ्याच कुळाचे लाकूड विकले जाते. तेही कामाला चांगले आहे.

डेकसाठी पांढरे होली. खरा डेक रोज दगडाने घासला जाई, त्यावर ऊन आणि खारे पाणी पडे. सागाचा असो वा पाइनचा, तो राखाडी-पांढराच दिसे. चॉकलेटी डेक ही नवशिक्या प्रतिकृतीची खूण आहे. होली मात्र हिवाळ्यात तोडून लगेच वाळवावे लागते, नाहीतर बुरशीने त्यावर निळसर-राखाडी डाग धरतात.

जहाजाच्या कुशीवरचे जाड काळे पट्टे पूर्वी एबनीचे करत. एबनी ठिसूळ आहे, तिचा भुसा नाका-घशाला त्रास देतो आणि तिच्या काही जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. त्यामुळे आज अनेक कारागीर नाशपातीलाच काळा रंग मुरवतात.

बाजारात मिळणाऱ्या संचांत आत लिंडनची फळी आणि वर अक्रोडाचा पातळ थर असतो. लिंडन वाकायला सोपे, पण मऊ. त्याची कड तंतू सोडते. अक्रोडाचा रंग भारदस्त, पण छिद्रे उघडी. संचातून सुरुवात करायला हरकत नाही. मात्र वरचा थर तेवढा बारीक पोताच्या लाकडाचा घेतला, तरी त्याच संचातून निघालेले जहाज ओळखू येत नाही.

आपल्या रानातली लाकडे

महाराष्ट्रात बसून युरोपातली नाशपाती मागवणे खर्चाचे आहे. सुदैवाने आपली रानेही रिकामी नाहीत. हेदूचे लाकूड पिवळसर, एकसारख्या पोताचे आणि बारीक छिद्रांचे. त्याच्या फण्या आणि सूतगिरणीच्या चात्या होत असत. बॉक्सवूडच्या जागी वापरून पाहावे असे हे पहिले लाकूड. काळ्या कुड्याचे लाकूड हस्तिदंती पांढरे असते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी त्याचीच घडतात. डेकसाठी याहून सोयीचे काय हवे? शिवण हलकी आणि वाळल्यावर न वळणारी, म्हणून आतल्या सांगाड्याला योग्य. जुन्या टेंभुर्णीचा गाभा काळा असतो आणि ती आपल्याकडची एबनीच आहे. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत म्हातारी झाडे काढली जातात, तेव्हा बारीक पोताचे पिवळसर लाकूड सरपणात जाते. त्यातले जाड ओंडके निवडून, टोकांना मेण लावून, सावलीत सावकाश वाळवले तर कप्प्या आणि लहान भागांसाठी ते सोन्याच्या मोलाचे आहे.

शिसवीचा मोह सर्वांना होतो. तिची छिद्रे मोठी आहेत आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. ती जहाजात नको, जहाजाखालच्या बैठकीत शोभते. सागाचेही तेच.

कोणतेही लाकूड घ्या, आधी हाताएवढी चाचणीची फळी करा. तिच्यावर रंधा फिरवा, पटाशीने खाच घ्या, वाफेवर वाकवा, पॉलिशचे हात द्या आणि अर्धा भाग झाकून उन्हात ठेवा. चेरी आणि नाशपाती उजेडाने गडद होतात, अक्रोड फिकटतो, पडौकचा लाल रंग तपकिरी होतो. आज शेजारी शेजारी सुंदर दिसणारे दोन रंग दहा वर्षांनी एक होऊन जाऊ शकतात. म्हणून आजचा रंग पाहून जोडी जमवायची नाही, मुरलेला रंग पाहून जमवायची.

शेवटचा हात

पोताचा नियम पॉलिशलाही लागू आहे. चकाकी लहान होत नाही. खरे जहाज आपण लांबून पाहतो, मधल्या हवेने त्याचे रंग मवाळ होतात. टेबलावरच्या जहाजाला आरशासारखी चकाकी दिली की ते चिनी मातीचे वाटू लागते. म्हणून मंद तकाकीचाच हात हवा. काळाही ठार काळा न घेता किंचित राखाडीकडे झुकलेला घ्यावा.

आपल्या सुतारांचा जुना मित्र चपडा इथे फार उपयोगी पडतो. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या लाखेच्या किड्यांपासून होणारी ही पापडी स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्यायचा. तो काही मिनिटांत वाळतो, लाकडाचा रंग फार बदलत नाही, आणि पुढे दुरुस्ती करायची झाली तर स्पिरिटनेच निघतो. संग्रहात राहणाऱ्या वस्तूसाठी हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा.

जवसाचे तेल लाकडाला खोली आणि ऊब देते, पण रंग गडद करते. तेल लावलेल्या पृष्ठभागावर नंतर गोंद धरत नाही. म्हणून सांधे आधी, तेल मागून. झटपट चिकटणारा गोंद जिथे सांडला असेल तिथे तेल मुरत नाही आणि डाग उठून दिसतो. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेटतात, पसरून वाळवावेत.

रंग द्यायचा असेल तर जाडीचा हिशेब करा. एक हात ०.०३ मिलिमीटरचा धरला तरी १:४८ मध्ये तो जवळपास दीड मिलिमीटर जाड होतो. चार हातांत बारीक गोलाई बुजते. पातळ रंग, मऊ ब्रश, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर: यापेक्षा जवळची वाट नाही.

खिळे, पत्रे आणि सोने

सजावटीत माणूस सर्वाधिक वाहवतो. खऱ्या जहाजाच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडत. त्यांचा व्यास सुमारे ३५ मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत पाऊण मिलिमीटरही नाही. कारागीर बांबूची काडी पोलादी पत्र्यातल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून अशा खुंट्या करतात. सोनार जंत्रीतून तार ओढतो तीच रीत. या खुंट्या जवळ गेल्यावरच दिसाव्यात. गडद लाकडाच्या केल्या तर अख्ख्या जहाजाला गोवर आल्यासारखे दिसते.

तळाच्या तांब्याच्या पत्र्यांचेही तसेच. खरा पत्रा ४ फूट लांब आणि साधारण १४ इंच रुंद; प्रतिकृतीत तो सुमारे २५ मिलिमीटर बाय साडेसात मिलिमीटर होतो. खिळ्यांची डोकी पत्र्याशी सपाट ठोकलेली असत. तरीही बाजारातल्या पत्र्यांवर टपोरे फुगवटे उठवलेले असतात. ते टाळून साधी पट्टी कापावी आणि तिला स्वतःच्या वेगाने काळवंडू द्यावे.

मूर्तिकामात पुन्हा बॉक्सवूडच कामी येते. ट्रिंकोमालीच्या नाळेवर पागोटे घातलेल्या पुरुषाची मूर्ती आहे. १:४८ मध्ये अशा मूर्तीचा चेहरा काही मिलिमीटरचा होतो आणि त्यात नाक, डोळे, पागोट्याचे वेढे बसवायचे असतात. मऊ लाकडात एवढी कड टिकत नाही. सोनेरी करायचे तर सोनेरी रंगापेक्षा सोन्याचा वर्ख घ्यावा. तो इतका पातळ असतो की खालची एकही रेघ बुजत नाही.

आणि सोने लावण्याआधी पुरावा पाहावा. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले स्वीडनचे 'वासा' हे जहाज निळे आणि सोनेरी असेल असा समज होता. त्याच्या शेकडो मूर्तींवरच्या रंगांचे अवशेष तपासल्यावर लाल पार्श्वभूमीवर अनेक भडक रंगांचे जहाज समोर आले; स्टॉकहोमच्या संग्रहालयातली १:१० ची प्रतिकृती आता त्या रंगांत उभी आहे. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी'च्या रंगांचे थर तपासले, तेव्हा तिचे प्रसिद्ध पिवळे पट्टे प्रत्यक्षात फिकट गुलाबीसर असल्याचे दिसले आणि २०१५ मध्ये ते जहाज नव्याने रंगवले गेले. इंग्लंडने तर १७०३ मध्येच हुकूम काढून जहाजांवरचे कोरीवकाम कमी केले. त्यानंतरच्या जहाजावर सोन्याची लयलूट करणे म्हणजे इतिहास खोडणे.

आधी साल ठरवा

लाकूड विकत घेण्याआधी एक निर्णय झालेला असावा: हे जहाज कोणत्या सालचे? १८१७ ची ट्रिंकोमाली फ्रिगेट होती. १८४५ मध्ये तिच्या तोफा कमी पण अधिक भारी झाल्या, मागच्या बाजूची घडण बदलली आणि ती कॉर्व्हेट म्हणून नोंदली गेली. पुढे ती प्रशिक्षणनौका झाली आणि 'फूद्रोयाँ' नावाने ओळखली गेली. पहिल्या सालचा पाठीमागचा भाग, दुसऱ्या सालच्या तोफा आणि आजचे काळे-पांढरे पट्टे एकत्र केले, तर तसे जहाज कधीच अस्तित्वात नव्हते.

दुसरा निर्णय पद्धतीचा. लाकडालाच बोलू द्यायचे असेल तर नेव्ही बोर्डसारखे उघड्या लाकडाचे जहाज करा आणि रंगाचे काम लाकडाच्या छटांवर सोपवा. त्या सालचे जहाज दाखवायचे असेल तर निर्धास्त रंगवा, मग आत महाग बॉक्सवूड घालण्याची गरज नाही. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. अर्धे नैसर्गिक, अर्धे रंगवलेले आणि वर थोडे सोने, ही धरसोड मात्र सर्वांत चांगल्या सुतारकामालाही मातीत घालते.

काचेच्या पेटीचा विचारही याच वेळी करावा. ओकच्या लाकडातून आणि बऱ्याच प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते; शिशाच्या तोफा आणि नांगर तिने पांढरे पडून भुरभुरतात. पेटी काच आणि धातूची असावी, हवा खेळती असावी, ऊन नसावे.

आणि काम संपल्यावर बैठकीच्या खालच्या बाजूला लिहून ठेवा: जहाजाचे नाव, साल, प्रमाण, प्रत्येक भागाचे लाकूड, कोणता गोंद, कोणते पॉलिश. चांगली प्रतिकृती तिच्या कर्त्यापेक्षा जास्त वर्षे जगते. कधीतरी एखादा दोर तुटेल, एखादी फळी सुटेल, आणि अनोळखी हात ती दुरुस्त करायला बसतील. त्यांना हेदू की नाशपाती, चपडा की तेल, हे शोधत बसावे लागू नये.