उड्या बंद?

“ताई, पोरगी आता शाणी झाली. उड्या बंद! उद्या पोटात काही बिघडलं म्हंजे?”

बचत गटाच्या कामाने अंबड तालुक्यातल्या एका गावात गेले होते, तेव्हा एक आई मला हे म्हणाली. तिची आठवीतली मुलगी शाळेत लांब उडीत पहिली. खरं सांगू का, मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. आपणही हेच ऐकत मोठ्या झालो ना!

त्याच रात्री माझ्या लेकीने मोबाइलवर ‘स्की फ्लाइंग’ दाखवलं. आमच्या जालन्यात बर्फ म्हणजे फ्रीजमधला, नाही तर रसवंतीवरचा! इथे तर बर्फाचा अख्खा डोंगर. पायांना लांब पट्ट्या बांधलेली मुलगी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने उतारावरून आली, टोकावरून झेपावली आणि अंग पुढे झोकून सात-आठ सेकंद हवेत तरंगली. उतरली ती दोनशे मीटरच्या पुढे. म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडापासून पार पिठाच्या गिरणीपर्यंत!

मग मी लेकीला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. या खेळाची जागतिक स्पर्धा १९७२ मध्ये आजच्या स्लोव्हेनियातल्या प्लानित्सा इथे सुरू झाली. वैयक्तिक स्पर्धेत चार फेऱ्या. अंतराचे गुण वेगळे, हवेतला तोल आणि उतरण्याची ढब यांचे वेगळे. २००४ पासून सांघिक स्पर्धाही आली. चौघांचा संघ, एकाची उडी फसली की चौघांनाही फटका. २०२४ मध्ये ऑस्ट्रियात कुल्म इथे वैयक्तिक सुवर्णपदक श्टेफान क्राफ्टने आणि सांघिक स्लोव्हेनियाने जिंकलं.

पण मैत्रिणींनो, १९७२ ते २०२४ या सगळ्या जागतिक स्पर्धा फक्त पुरुषांच्या! याच खेळाची धाकटी बहीण म्हणजे स्की जंपिंग. ती ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १९२४ मध्ये आली, मुलींसाठी थेट २०१४ मध्ये. कारण काय, तर बायकांच्या शरीराला हे झेपायचं नाही! २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या अध्यक्षांनीच वैद्यकीयदृष्ट्या हा खेळ बायकांना योग्य नाही, अशा अर्थाचं बोलून दाखवलं. गंमत बघा, त्याच्या दोन वर्षं आधी, २००३ मध्ये ऑस्ट्रियाच्या डॅनिएला इराश्कोने दोनशे मीटरची झेप घेऊन दाखवली होती!

म्हणजे युरोपातला साहेब आणि आमच्या अंबडची आई, दोघांच्या तोंडी एकच वाक्य. आईचं काळजीपोटी, एवढाच काय तो फरक.

अखेर मार्च २०२३ मध्ये नॉर्वेतल्या विकरसुंदला मुलींची पहिली स्की फ्लाइंग स्पर्धा झाली. परवानगी फक्त पंधराजणींना. स्लोव्हेनियाची एमा क्लिनेत्स २२६ मीटर जाऊन जिंकली. मार्च २०२५ मध्ये निका प्रेव्हत्सने २३६ मीटरचा जागतिक विक्रम केला. त्याच महिन्यात तिच्या सख्ख्या भावाने, डोमेनने, पुरुषांचा विक्रम केला, २५४.५ मीटरचा. एकाच घरातली ही भावंडं. मला त्या आईबापांचं कौतुक वाटलं. मुलाला उडू दिलं, तसंच मुलीलाही.

पुढच्या खेपेला मी तो व्हिडिओ त्या आईला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग दोघी मिळून तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या हसून म्हणाल्या, “उडीने गर्भाशयाला काही होत नाही. पोरीला पोटभर जेवू घाला आणि रक्त तपासून घ्या.”

परतताना एसटीत आई गप्पच होती. उतरताना एवढंच म्हणाली, “सकाळच्या पारी मैदानावर सोडते. पण मी संगं बसणार.”

बसू दे की! पोरीला उडू देणारी आई मैदानाच्या कडेला बसलेली असली, तर पोरीला आणखी काय हवं? तुमच्या घरात कुणाच्या उड्या बंद केल्यात, एकदा आठवून बघाल?