हवेतील खळबळीचे कोडे आणि सरकारी निधीचे गणित

सांगानेर (जयपूर) : दिल्लीवर धुळीचे वादळ घोंघावू लागले किंवा मुसळधार पाऊस कोसळू लागला की, तेथे उतरू न शकणारी अनेक विमाने जयपूरकडे वळवली जातात. जयपूरचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस सांगानेर येथे आहे. अशा प्रवासात बसणाऱ्या धक्क्यांना वैमानिक ‘टर्ब्युलन्स’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘संक्षोभ’ हा शब्द आहे. संक्षोभाचा अभ्यास जवळपास दीड शतक सुरू असूनही त्याचे शास्त्र अपूर्ण आहे. या अभ्यासाचा मोठा भार जगभर सरकारी निधीनेच पेलला आहे.

सांगानेर हे ठसेछपाईचे गाव. रंगाचा थेंब संथ पाण्यात सोडल्यास त्याची सरळ रेघ दिसते. पाणी ढवळले की ती रेघ भोवऱ्यांत विरून जाते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीतील वाहत्या पाण्यात रंग सोडून हाच फरक मोजमापासह दाखवला. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की संथ प्रवाह संक्षुब्ध होतो. या प्रवाहांची समीकरणे ठाऊक आहेत. मात्र त्रिमितीत त्यांची सुसंगत उत्तरे नेहमी मिळतात का, हे सिद्ध झालेले नाही. त्या सिद्धतेसाठी अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने 2000 मध्ये 10 लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ते अद्याप कोणालाही मिळालेले नाही.

धक्के हा संक्षोभाचा केवळ दिसणारा भाग आहे. विमानाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो. या ‘सीमास्तरा’त खळबळ माजली की घर्षण वाढते. प्रवासी विमानाला स्थिर उड्डाणात होणाऱ्या एकूण विरोधापैकी जवळपास निम्मा विरोध या घर्षणाचा असतो. ते किंचित घटले तरी इंधनाची मोठी बचत होते. मात्र पंखावरील सर्वांत लहान भोवरे मिलिमीटरहूनही सूक्ष्म असतात. संपूर्ण विमानाभोवतीचा प्रत्येक भोवरा मोजणे आजच्या महासंगणकांनाही शक्य नाही. त्यामुळे अभियंते अंदाजी प्रतिमाने, म्हणजेच मॉडेल, वापरतात आणि ती पवनबोगद्यात पडताळून पाहतात.

संक्षोभ आवरण्याचे उपाय किती सावकाश फळतात, याचे एक उदाहरण बोलके आहे. शार्कच्या त्वचेसारख्या सूक्ष्म खोबणींमुळे घर्षण कमी होते, हे अमेरिकेच्या ‘नासा’ या सरकारी संस्थेने 1980 च्या सुमारास प्रयोगांतून दाखवले. अशा खोबणींचे आवरण प्रवासी विमानांवर नियमितपणे चढू लागले ते 2022 नंतर. त्यातून होणारी इंधनबचत सुमारे 1 टक्का आहे. नफ्यासाठी चार दशके थांबणे कोणत्याही विमान कंपनीला परवडणारे नसते.

भारतातही हे काम सरकारी पैशावरच उभे राहिले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी 1958 मध्ये सीमास्तर संथ अवस्थेतून संक्षुब्ध अवस्थेत कसा जातो, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचे जगभर दाखले दिले जातात. 1959 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 1967 मध्ये 1.2 मीटरचा पवनबोगदा सुरू झाला. प्रवाहांचे गणित सोडवण्यासाठी 1986 मध्ये तेथे ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक साकारला. विद्यापीठांतील वैमानिकी प्रकल्पांना 1971 पासून संरक्षण मंत्रालयाचे वैमानिकी संशोधन व विकास मंडळ अनुदान देत आले आहे.

या ज्ञानाचा उपयोग विमानांपुरता राहिला नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आर्थिक साहाय्याने 1990 मध्ये मान्सूनच्या पट्ट्यात जमिनीलगतच्या हवेतील संक्षोभ मोजण्यात आला. त्यासाठी राजस्थानात जोधपूर येथेही मनोरा उभारला होता. जमिनीवरून किती उष्णता आणि ओलावा वर जातो, हे या संक्षोभावर ठरते. त्यामुळे पावसाच्या अंदाजालाही त्याचे मॉडेल लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला, तो हवामान आणि मान्सूनच्या अशाच गणितांसाठी.

प्रश्न तातडीचाही होत आहे. 1979 ते 2020 या काळात उत्तर अटलांटिकवर निरभ्र आकाशातील तीव्र संक्षोभाचा कालावधी 55 टक्क्यांनी वाढल्याचे ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठाच्या 2023 मधील अभ्यासात आढळले. भारतातही 21 मे 2025 रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान गारपिटीत आणि संक्षोभात सापडले. त्याच्या नाकाचे नुकसान झाले. प्रवासी मात्र सुखरूप उतरले.

दरम्यान, निधीची व्यवस्था बदलली आहे. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांसाठी 50,000 कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला. त्यांपैकी सुमारे 36,000 कोटी उद्योग, दाते आणि अन्य बिगरसरकारी स्रोतांकडून अपेक्षित आहेत. देशाचा संशोधनावरील खर्च 2020-21 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता. तो वाढण्यासाठी खासगी पैसा हवा, यावर दुमत नाही. मात्र उद्योग सहसा जवळचे फळ पाहतो. संक्षोभासारख्या विषयाचे फळ पुढच्या पिढीच्या हाती पडते. ते पडेपर्यंत प्रयोगशाळा आणि संशोधक टिकवण्याचे काम सरकारी वाट्यालाच करावे लागेल.