भिंतीची तहान

मुलांनो, सुरुवातीलाच एक कोडं घालते. बांधताना पाणी मागते, बांधून झाल्यावर आठवडाभर पाणी मागते आणि नंतर जन्मभर पाण्याला घाबरते. ओळखा पाहू, कोण ती?

काय, हरलात? अरे, तुमच्या घराची भिंत!

या कोड्याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं, बरं का. ते मला आणि माझ्या वर्गाला एका पडलेल्या भिंतीने शिकवलं. तीच गोष्ट आज तुम्हांला सांगते. गोष्ट संपली, की तुमच्या आईबाबांनाही हे पान वाचायला द्या.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका लहान गावात चौथीला शिकवते. आमच्या शाळेला लागून एक घर आहे. त्या घरमालकांनी मे महिन्यात सिमेंटच्या ब्लॉकची नवी कोरी कुंपणभिंत बांधली. दहा मीटर लांब, दोन मीटर उंच. आमची मुलं मधल्या सुट्टीत तिला टेकूनच डबा खायची. जुलैमध्ये वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, "बाई, भिंतीला भेग पडलीय. पायऱ्यापायऱ्यांची." मी म्हटलं, "अरे, सिमेंटला पडतातच भेगा. बस खाली, डबा खा."

ऑगस्टमध्ये तीन दिवस पावसाची झड लागली. रविवारी पहाटे मोठा आवाज झाला. सोमवारी शाळेत येऊन पाहतो तर काय, भिंत आमच्याच पटांगणात आडवी! जिथे रोज डबे उघडायचे, तिथे ब्लॉकचा ढीग पडलेला. रविवार होता म्हणून निभावलं. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. पण मला खाली मान घालावी लागली.

मुलं विचारू लागली, "बाई, सिमेंट म्हणजे पक्कं ना? मग भिंत पडली कशी?" मला उत्तर देता येईना.

आप्पांची शाळा

दिवाळीनंतर ती भिंत पुन्हा बांधायचं ठरलं. काम गावातल्या एका वयस्कर मिस्तरींकडे आलं. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. परवानगी घेऊन मी माझा वर्गच तिथे नेला. वह्या-पेन्सिली घेऊन मुलं बसली, आणि आप्पा झाले गुरुजी!

आप्पांनी पडलेला एक ब्लॉक उचलला. त्याला चिकटलेल्या मालावर नख घासलं. भुरभुर वाळू गळाली. ते अहिराणीत म्हणाले, "बाई, भीत बांधनं सोपं शे, तिले पानी देनं कठीन शे!"

म्हणजे काय, ते समजून घेऊ या.

सिमेंट वाळत नाही!

आपल्याला वाटतं, चिखल वाळून जसा कडक होतो, तसंच सिमेंट वाळून कडक होतं. हे साफ चूक आहे. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होतो. त्यातून अगदी बारीक, एकमेकांत गुंतलेले कण तयार होतात. तेच वाळूच्या कणांना आणि ब्लॉकला घट्ट धरून ठेवतात. म्हणून तर सिमेंट पाण्याखालीसुद्धा कडक होतं.

हे काम हळूहळू चालतं. पहिल्या सात दिवसांत बरीचशी ताकद येते. काँक्रीटची ताकद मोजायची, तर साधारणपणे २८ दिवसांनी मोजतात. मध्येच पाणी उडून गेलं तर काम अर्धवट राहतं. भाकरी तव्यावरून कच्ची उतरवावी तसं! वरून छान दिसते, आतून पीठ ते पीठच.

आता आपल्या खानदेशातला मे महिना आठवा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गरम वारा सुटतो. सकाळी भरलेला सांधा दुपारपर्यंत सुकून जातो. आणि नेमकं तेव्हाच विहिरी आटलेल्या, नळाला चार-चार दिवसांनी पाणी. प्यायलाच पाणी नाही, तर भिंतीला कोण देणार? पण पावसाळ्याआधी काम उरकायचं म्हणून लोक मे महिन्यातच बांधायला घेतात. आमच्या शेजारच्या भिंतीचं हेच झालं होतं. ती तहानलेलीच राहिली.

ठोकळ्याचा जन्म

आज आपण जे सिमेंट वापरतो, त्याचा पहिला परवाना इंग्लंडमधल्या एका गवंड्याने घेतला. त्याचं नाव जोसेफ ॲस्पडिन आणि साल १८२४. पोर्टलंड नावाच्या बेटावर चांगला इमारती दगड मिळतो. आपलं सिमेंट त्या दगडासारखं दिसतं, म्हणून त्याने नाव ठेवलं 'पोर्टलंड सिमेंट'. पिशवीवर हे नाव तुम्ही वाचलं असेल.

सिमेंट, बारीक खडी, कच आणि थोडंसं पाणी साच्यात दाबलं, की ब्लॉक तयार होतो. आपल्याकडे त्यात राखही घालतात. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे कोळसा जळून जी बारीक राख उरते, ती विटांत, ब्लॉकमध्ये आणि सिमेंटमध्ये वापरता येते. राख वाया जात नाही आणि विटांसाठी शेतातली चांगली माती खणावी लागत नाही. मात्र राखेचं काम सावकाश चालतं, म्हणून राख मिसळलेल्या सिमेंटला पाणी जास्त दिवस द्यावं लागतं.

थोडं गणित करू या? सांध्यासह धरला तर नेहमीचा ब्लॉक ४० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि २० उंच असतो. वीट धरू २० सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि १० उंच. मग एका ब्लॉकच्या जागेत किती विटा मावतील? बरोबर, आठ! म्हणून ब्लॉकचं काम भराभर उरकतं.

आता दुसरं गणित. दहा मीटर लांब आणि दोन मीटर उंच भिंतीला किती ब्लॉक लागतील? उत्तर आहे २५०. एक पोकळ ब्लॉक १८ किलोचा धरला तर सगळ्यांचं वजन ४,५०० किलो. म्हणजे एका मोठ्या हत्तीएवढं! माझी मुलं रोज एका हत्तीला टेकून डबा खात होती.

ठोकळा कोरडा, सांधा ओला

साच्यातून काढलेला ब्लॉक लगेच भिंतीत बसवायचा नसतो. भारतीय मानक ब्यूरोचा नियम आहे, की तो आधी किमान १४ दिवस ओला ठेवायचा आणि मग चार आठवडे वाळू द्यायचा. म्हणजे झाले सहा आठवडे. का? तर ब्लॉक वाळताना किंचित आकसतो. हे आकसणं भिंतीत बसण्याआधी होऊन गेलेलं बरं. नाहीतर भिंतीत बसल्यावर तो आकसतो आणि भेगा पाडतो.

वीट लावण्याआधी पाण्यात भिजवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ब्लॉक मात्र तसा भिजवायचा नाही. फार ऊन असेल तर वरून आणि बाजूंनी हलकासा ओला हात फिरवायचा, बस्स. पण भिंत उभी राहिली, की सांध्यांना निदान सात दिवस ओल हवी. कडक उन्हात किंवा राखेच्या सिमेंटला दहा दिवस.

पाणी कमी असेल तर? आप्पांनी युक्ती दाखवली. नळीने धो-धो पाणी मारायचं नाही. भिंतीवर गोणपाट टाकायचं, सकाळ-संध्याकाळ ते ओलं करायचं आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घालायचा. थोड्या पाण्यात काम भागतं. पाणी मात्र स्वच्छ हवं. साबणाचं किंवा खारट नको.

आणि सगळ्यांत सोपी युक्ती? भिंत दिवाळीनंतर, थंडीत बांधायची! विहिरींना पाणी असतं आणि ऊनही सौम्य असतं.

आप्पांच्या पिशवीत थापी, दोरी, ओळंबा आणि पाणसळ होती. ओळंब्याने भिंत उभी सरळ आहे का ते कळतं, पाणसळीने थर आडवा सपाट आहे का ते. वरच्या थरातला उभा सांधा खालच्या सांध्यावर कधीच येऊ द्यायचा नाही. त्याला 'सांधेमोड' म्हणतात. एकाचा भार दोघांनी उचलायचा, म्हणून वरचा ब्लॉक खालच्या दोघांवर बसतो.

काळ्या मातीची खोड

पण ती पायऱ्यापायऱ्यांची भेग कशाने पडली? आप्पांनी जमिनीकडे बोट दाखवलं. तापीच्या खोऱ्यातली आपली काळी माती कपाशी-केळीला फार चांगली. घराच्या पायाला मात्र ती खोडकर! पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच मातीत. पाया अशा मातीत उथळ असला, तर एक बाजू वर उचलली जाते, दुसरी खाली बसते. मग भिंत सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी तडकते.

घरी करून पाहा. काचेच्या पेल्यात वाळलेल्या काळ्या मातीचा बारीक चुरा अर्ध्यापर्यंत भरा. बाहेरून पेनाने खूण करा. हळूहळू पाणी घाला आणि एक रात्र ठेवा. सकाळी माती खुणेच्या किती वर आली? आता पेला आठवडाभर उन्हात ठेवा. पुढे काय होतं ते वहीत लिहा.

यावर उपाय काय? पाया काळी माती ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत न्यायचा. आणि मोरीचं, पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू द्यायचं नाही.

तिसरी चूक घराच्या बाजूला होती. तिथे भिंतीला लागून मातीचा भराव घातला होता. तीन दिवसांच्या पावसाने तो चिंब झाला. ओली माती जड होते, तिच्यात साठलेलं पाणी भिंतीला ढकलतं. पाणी निघून जायला भिंतीत एकही भोक नव्हतं. कच्चे सांधे, हलणारा पाया आणि मागून रेटा. मग भिंत उभी राहणार तरी कशी?

२०१९ च्या पावसाळ्यात पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला, काही दिवसांच्या अंतराने, अशाच कुंपणाच्या भिंती झोपड्यांवर कोसळल्या. झोपेतली माणसं गेली. त्यांत मुलंही होती.

आता आमच्या शेजारची भिंत पुन्हा उभी आहे. पाया मुरुमापर्यंत गेला आहे. दर तीन मीटरवर सळया घातलेला खांब आहे. खालच्या थरात, दर दीड-दोन मीटरवर, बाहेर उतरती पाइपाची भोकं आहेत. दहा दिवस तिच्यावर ओलं गोणपाट होतं. ते ओलं करायला सकाळ-संध्याकाळ आप्पा स्वतः येत होते.

भेगेचा दवाखाना

आपल्या आजी-आजोबांच्या काळी खानदेशात मातीची धाब्याची घरं होती. काही गावांत अजून आहेत. दर वर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, भिंती सारवायच्या, भोकं बुजवायची, अशी पद्धत होती. सिमेंट आलं आणि आपण म्हणू लागलो, "आता काळजी नाही." पण वर्षातून एकदा विचारपूस पक्क्या भिंतीलाही हवीच.

तुम्ही हे करा. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला पाहा. भेग खुणेपुढे गेली का? रुंद झाली का?

वाढत नसेल, केसाएवढी असेल, तर मोठ्यांनी ती साधीच दुरुस्त करावी. सांधा दोन सेंटिमीटर खोल खरवडायचा, धूळ झाडायची, जरा ओलं करायचं, ताजा माल दाबून भरायचा. आणि हो, पुन्हा आठवडाभर ओल द्यायची! भेग वाढत असेल, तर नुसतं लिंपून उपयोग नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं आणि जाणकार मिस्तरी किंवा इंजिनिअरला दाखवायचं.

आणि भिंत झुकलेली दिसली, फुगलेली दिसली किंवा पावसात तिच्या सांध्यांतून गढूळ पाणी येऊ लागलं, तर तिच्याजवळ मुळीच जायचं नाही. हात लावून पाहायचं नाही. भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब उभं राहायचं आणि मोठ्यांना सांगायचं. एकाने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगायचं.

पालकांनो, हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आणि माझ्यासाठीही आहे. मला एका मुलाने वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

आमच्या वर्गात आता एक नवी वही आहे, 'भिंतींची वही'. गावातल्या चौदा भेगा तिच्यात तारखेसह लिहिल्या आहेत. ती वही कोण सांभाळतं, सांगू? तोच मुलगा! दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो वही घेऊन माझ्यासमोर उभा राहतो. आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकते.

तुमच्या घराच्या भिंतीकडे आज बघाल ना?