अनोळखी माणसाचा हक्क

धारणीत पावसाळ्यात वीज गेली, की आमच्या घरी वाचन चालते. यंदा मुलीने मिच आल्बम यांची २००३ सालची ‘द फाइव्ह पीपल यू मीट इन हेवन’ ही कादंबरी मराठीत सांगितली. मेल्यावर एडीला पहिला भेटतो एक अनोळखी माणूस. लहानपणी एडी चेंडूमागे रस्त्यावर धावला, त्याला वाचवताना या मोटारवाल्याचा जीव गेला होता. एडीला पत्ताच नव्हता!

कादंबरीतला स्वर्ग कल्पनेतला. आखिरतबद्दलचे आमचे ईमान कुरआनातून आलेले. तरी अम्मींनी विचारले, “आपल्याकडूनही नकळत कुणाचा हक्क राहिला असेल का?” आम्ही मजुरीची वही उघडली. एका कोरकू मजुराचे दोन दिवसांचे पैसे राहिले होते. बाजाराच्या दिवशी ते दिले, माफीही मागितली. बंद्याचा हक्क इथेच फेडावा.