वैद्यांची साक्ष

सुरत शहरात कतारगाम दरवाजाजवळ डच लोकांचे जुने कबरस्तान आहे. त्यातील घुमटाची भव्य कबर हेन्द्रिक व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याची होय. 1691 च्या डिसेंबरात सुरतेस येत असता त्याला समुद्रावरच मृत्यू आला. कंपनीचा हा मोठा अंमलदार. परंतु त्याचे नाव राहिले ते व्यापारामुळे नव्हे, तर झाडपाल्यामुळे.

कोचीनचा कारभार पाहत असता त्याने मलबारच्या वनस्पतींची माहिती जमविली. तिचा 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींचे वर्णन आहे.

ही माहिती आली कोठून? चेर्तलाजवळचा इट्टी अच्युतन हा इळवा समाजातील पिढीजात वैद्य. घरच्या ताडपत्रांच्या आधारे त्याने वनस्पतींची नावे व गुण मल्याळममध्ये सांगितले. दुभाष्याने ते पोर्तुगीजमध्ये उतरविले व पुढे त्यांचे लॅटिन झाले. रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तिघे कोकणी वैद्यही या कामी होते. विशेष हे, की या वैद्यांची 1675 सालची साक्षपत्रे त्यांच्याच अक्षरांत पहिल्या खंडाच्या आरंभी छापली आहेत. कोकणी वैद्यांचे पत्र नागरी लिपीत आहे. म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतरही, ज्ञान कोणाचे, हा प्रश्न येथे उरत नाही.

सगळ्याच जाणकारांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. सुरतेपासून फार दूर नसलेल्या डांगच्या रानात आजही भगत मुळ्या, साली व पाने ओळखून औषध देतात. त्यांची विद्या तोंडी असते. मुलगा रोजगारासाठी शहरात गेला, की ती बापाबरोबरच संपण्याचा धोका असतो. दुसरा धोका असा, की बाहेरचा कोणी ती नेतो आणि सांगणाऱ्याचे नाव मागे राहते.

यावर उपाय म्हणून 2002 च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांकडे लोकांच्या ज्ञानाची नोंदवही करण्याचे काम सोपविले आहे. परंतु वनस्पतीचे नुसते नाव टिपून भागत नाही. तिचा कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती प्रमाणात व कशावर, हे सारे लिहावे लागते. मग ते कसोटीला लावता येते. घातक असेल ते टाकता येते, गुणकारी असेल ते राखता येते. आणि त्या नोंदीखाली, सांगणाऱ्याची संमती असेल तर, त्याचे नाव असावे. 1675 साली जे करता आले, ते आज अवघड का व्हावे?