पाणी पोटात हवं, बाटलीत नव्हे
रानात उतरताना : लेखांक ५

वाट चुकल्यावर जागच्या जागी का थांबायचं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. थांबलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पाण्याचा. मनात बिबट्याची भीती मोठी असते, पण मार्च ते जून या दिवसांत आपल्याकडच्या रानात माणसाला सगळ्यात आधी गाठतं ते ऊन.

विष्णुपुरीत राहणाऱ्याला हे लवकर पटत नाही. इथे गोदावरी अडवलेली आहे, शंकरसागर जलाशयावर नांदेड शहराची तहान भागते. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली आणि विद्यापीठातली मुलं शनिवारी-रविवारी मोटारसायकली काढतात आणि माहूर, किनवट, सहस्रकुंड गाठतात. जावंच. पण रस्ता शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, आणि गाडीवरच्या वाऱ्यात घाम अंगावरच वाळत असल्यामुळे तो आल्याचं कळत नाही. गाडी लावून चालायला सुरुवात होते तेव्हाच शरीराला पाणी कमी पडलेलं असतं. म्हणून पहिलं पाणी प्यायचं ते गाडीवरून उतरल्या उतरल्या, तहान लागलेली असो वा नसो.

दुसरी फसगत सावलीची. जंगल म्हणजे गारवा, अशी आपली समजूत. किनवट-माहूरचं रान मुख्यतः सागाचं, आणि ऐन उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. झाडं हजारो, सावली नाही, आणि पायाखाली वाळलेल्या पानांचा थर. सावली शोधायची ती ओढ्याकाठी. तिथे करंज, जांभूळ, उंबर अशी झाडं भर उन्हाळ्यातही हिरवी दिसतात. उंचावर उभं राहून पाहिलं तर करड्या रानातून जाणारी हिरवी रेघ ओळखू येते. तीच ओढ्याची रेघ.

आता मुख्य मुद्दा. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी पुरवून वापरायला शिकवावं लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. ज्यांच्या घराने ते दिवस काढले, त्यांची मुलं तांब्याभर पाणीसुद्धा वाया घालवत नाहीत. या सवयीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रानात, उन्हात, हीच सवय घात करते. बाटलीत अर्धा लिटर उरलेलं असताना माणूस 'पुढे लागेल' म्हणून ओठ ओले करण्यापुरता घोट घेतो, आणि पाणी शिल्लक असतानाच चक्कर येऊन पडतो.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अ‍ॅडॉल्फ या शरीरशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर नेमका हाच अभ्यास केला. 1947 साली तो पुस्तकरूपाने आला. निष्कर्ष सरळ होता: पाणी कमी प्यायलं म्हणून घाम कमी येत नाही. शरीराला थंड राहायचं असतं, त्यासाठी लागेल तेवढं पाणी ते रक्तातून उचलतं. भर उन्हात चालणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तेव्हा राखायचा आहे तो घाम. पाणी तहानेप्रमाणे पिऊन टाका आणि चालणं थांबवा. सकाळी अकरापासून दुपारी चार वाजेपर्यंत सावलीत बसून राहिलात, अंगभर सैल सुती कपडे ठेवलेत, डोक्याला ओली दस्ती किंवा उपरणं गुंडाळलंत, तर तेच अर्धा लिटर पाणी कितीतरी जास्त वेळ साथ देतं. शर्ट काढून बसणाऱ्याचं अंग आणखी तापतं.

घामाबरोबर मीठही जातं. नुसतं पाणीच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं. शेतावर जाणारी माणसं पाण्याच्या केळीबरोबर भाकरी आणि शेंगदाण्याची खारी चटणी नेतात, ते यासाठी अगदी योग्य आहे. पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं टाका. ती नसतील तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

पाणी संपलंच तर? टीव्हीवरचे साहसवीर आधी आग पेटवून पाणी उकळतात. इथे ते करू नका. महाराष्ट्रातल्या जंगलात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि राखीव वनात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी सागाच्या त्या पानथरावर एक ठिणगी पडली तर आधी तुम्हीच वेढले जाल.

कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा करून पाझरणारं पाणी घ्यायचं, म्हणजे झिरा काढायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. जागा निवडायची ती वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे पात्र खोल असतं आणि वाळू हाताला ओलसर लागते. हातभर खणूनही ओल वाढली नाही तर सोडून द्या, खणण्यातच घाम जातो. पाणी लागलं तर पहिलं गढूळ पाणी उपसून टाका, दुसरं निवळू द्या.

ते पाणी दुहेरी कपड्यातून गाळा. गाळण्याचं मोल जुन्या माणसांना ठाऊक आहे. विहिरी-बारवांच्या पाण्यातून होणारा नारू हटला तो मोठ्या प्रमाणात याच साध्या कामामुळे, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण कपडा अडवतो नारूचे वाहक असलेले सूक्ष्म जलचर. कावीळ, हगवण, टायफॉइडचे जंतू त्यातून सहज पार होतात. त्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या जवळ हव्यात. पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. गोळ्या नसतील तर आपलं ऊनच कामाला येतं. निवळलेलं पाणी रंगहीन प्लॅस्टिक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवलं की बहुतेक जंतू मरतात. पाणी पुरेसं निवळ आहे का, हे पाहायची युक्ती अशी: बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवून वरून बघा, मथळा वाचता आला पाहिजे.

एका पाण्याला मात्र यातलं काहीच चालत नाही. फवारणीच्या दिवसांत कापसाच्या शेताला लागून वाहणारा नाला. 2017 मध्ये पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच औषध पावसाने ओढ्यात उतरतं. गाळून, उकळून, क्लोरीन टाकूनही ते जात नाही. साचलेल्या डबक्यावरच्या हिरव्या-निळ्या तवंगाचंही तेच.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे, आणि घाम येत असला तरीही आहे. अशा वेळी हातातलं पाणी त्याच्या अंगावर घालायचं. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, मान, काखा, जांघा भिजवा आणि जे हाती येईल त्याने वारा घालत राहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप आजाराचा नाही, त्यामुळे गोळीने उतरत नाही. एकाने वारा घालायचा, दुसऱ्याने उंच जागी जाऊन 108 लावायचा. रेंज नसेल तर वाट पाहत बसू नका. अंग निवायला लागलं की त्याला उचलून जवळच्या वस्तीकडे निघा. उन्हातून नेतानाही त्याचं अंग ओलं ठेवा.